पलंगावरचा खळगा

हॉटेलात तिला सगळ्याजणी इस्त्रीबाई म्हणत. खरं तर इस्त्रीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. धुण्याचा विभाग तळघरात, आणि ही चौथ्या मजल्यावर. पण तिने घातलेला पलंग पाहिला की वाटायचं, चादर अंथरलेली नाही, गादीसकट इस्त्री फिरवलेली आहे. रोजच्या चौदा खोल्या, सत्तावीस वर्षं. चादरीचे कोपरे असे घट्ट खोचायचे की वर नाणं टाकलं तर उडावं. मुकादमीण नव्या मुलींना मुद्दाम तिच्या हाताखाली द्यायची.

आणि तिला पलंग वाचता यायचे. दार उघडून आत पाऊल टाकलं की उठून गेलेल्या माणसाची रात्र तिला कळायची. हा कुशीवर झोपला, हा झोपलाच नाही, ही बाई रडली, हे दोघं पाठीला पाठ लावून पडले होते. "माणूस थापा मारेल, पलंग नाही मारत," असं ती मुलींना सांगायची आणि मग दहा मिनिटांत त्या रात्रीचा मागमूस पुसून टाकायची. माणूस गेला की खोली अशी झाली पाहिजे, की इथे कधी कुणी आलंच नव्हतं. विसरलेल्या वस्तू पिशवीत, पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवर खोलीचा आकडा आणि तारीख.

नवरा शहरात बस चालवायचा. या देशात येऊन दोघांना एकतीस वर्षं झाली, मुलगी इथेच शिकून लग्न करून दूर गेली, आणि हे दोघं चांभाराच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होते तिथेच राहिले. खोल्या मालकाच्या, कपाट मालकाचं, पडदेसुद्धा मालकाचे. भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारून. दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या आणि संध्याकाळीही दुसऱ्याचीच खोली, असं तिचं आयुष्य गेलं होतं. म्हणून नवऱ्याने निवृत्त झाल्यावर खेड्यातल्या एका घराची जाहिरात दाखवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खिळे कुठेही ठोकता येतील ना?"

घर गल्लीच्या टोकाला होतं, त्यापुढे शेतं. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर दोन खोल्या, मागे पंप आणि कोंबड्यांचं खुराडं. सामानासकट विकायचं होतं, कोंबड्यांसकटही. मालकीण एकटी म्हातारी. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात गेली होती. कागदांवर सह्या करायच्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. शाळकरी पोरीएवढा जीव, पण डोळे जागे. सही करून तिने लेखणी खाली ठेवली आणि म्हणाली, "वरची मागची खोली तेवढी आवरू नका. माझं अजून व्हायचंय."

"हो हो, आजी," नवरा म्हणाला. "काही घाई नाही."

इस्त्रीबाईने मान हलवली. काही सामान न्यायचं राहिलं असेल, कुणी येईल घ्यायला, असं तिने धरलं.

पहिले दोन दिवस घर समजून घेण्यात गेले. पंपाला आधी एक बादली पाणी पाजावं लागे, मग तो दहा बादल्या देई. शहराची बस सकाळी सातला जाई आणि संध्याकाळी पाचला येई. फोनला फक्त फाटकापाशी उभं राहिलं तर जीव यायचा, त्यामुळे मुलीशी बोलायचं तर थंडीत कुडकुडत गल्लीच्या साक्षीने. दूधवाली दार न वाजवता थेट ओट्यापर्यंत यायची. "तुम्ही काल कांदे लावले ना? फार जवळजवळ लावलेत," ती नवऱ्याला म्हणाली. कांदे घराच्या मागच्या बाजूला होते आणि दूधवाली पुढून आली होती.

"इथे भिंतींना कान नाहीत, डोळे आहेत," इस्त्रीबाई पुटपुटली.

नवरा मात्र फुलला होता. शहरात रात्ररात्र जागणारा माणूस इथे कोंबड्यांबरोबर झोपायचा आणि कोंबड्यांबरोबर उठायचा. छातीतली घरघर थांबली होती. मातीने नखं काळी करून येऊन ती तिला दाखवायचा, पोराने बक्षीस दाखवावं तशी.

तिने मात्र अजून पूर्ण पाय रोवले नव्हते. शहरातल्या त्या दोन खोल्या महिनाअखेरपर्यंत त्यांच्याच होत्या. सोडायच्या की ठेवायच्या, हे शनिवारपर्यंत कळवा, असं मालकाने बजावलं होतं. मुकादमीणही म्हणाली होती, "तुझी जागा महिनाभर रिकामी ठेवते, इस्त्रीबाई. करमलं नाही तर ये."

तिसऱ्या दिवशी तिने वरची मागची खोली आवरली.

आवरू नका म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. पण हात ऐकेनात. सह्या झाल्या, किल्ली मिळाली, माणूस गेला. आणि खोली तशीच? दाराशी उभं राहिलं तरी तिला खाज सुटायची. पलंगावर लोकरीचं विटकं पांघरूण, गादीच्या मधोमध वर्षानुवर्षांचा खळगा. तिपाईवर पाणी सुकून वर्तुळ उरलेला पेला. पलंगाखाली सपाता. तिने सपाता, पेला, पांघरूण पिशव्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या. सवयीने चिठ्ठीवर "खोली क्र. २" असंही लिहिलं आणि मग स्वतःशीच हसली. गादी उलटी केली. खिडकी धुतली. पांढरी नवी चादर, चारही कोपरे घट्ट, वरचं पांघरूण पायथ्याशी खोचून ताठ. तासाभरात खोलीत कधी कुणी राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ती खिडकी लावायला वर गेली, तर पलंगावर खळगा होता.

ती दारातच थांबली. उन्हाची तिरपी पट्टी चादरीवर पडली होती, त्यामुळे सगळं लख्ख दिसत होतं. डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेलं माणूस. अंगाने हलकं. उशीत डोक्याची जागा. पलंगाच्या कडेला चार बोटांचे दाब, उठताना हात टेकावा लागतो तसे. आणि पायथ्याशी खोचलेलं पांघरूण जागचं हललेलं नव्हतं. म्हणजे आत शिरलेलं माणूस पाय हलवू शकलं नव्हतं.

"अहो, तुम्ही वर झोपला होता का?" तिने खाली येऊन विचारलं.

"मी? मी दुपारभर कांद्यात. विरळ करतोय. दूधवाली म्हणाली म्हणून."

"मागच्या खोलीत कुणीतरी झोपून गेलंय."

"मांजर असेल."

"मांजर उशी घेऊन झोपतं होय?"

तो हसला. तिने वर जाऊन पलंग पुन्हा घातला, आधीपेक्षा घट्ट. दुसऱ्या दिवशी चार वाजता खळगा होता. तिसऱ्या दिवशी तिने खोलीला कुलूप लावलं, किल्ली ओच्यात बांधली. खळगा होता. डावी कुस, गुडघे, चार बोटं.

चौथ्या दिवशी ती जेवण झाल्यावर खाली जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली. मांडीवर शेंगा सोलायला घेतल्या. तो जिना असा की मांजराच्या पावलालाही कुरकुरायचा, आणि मागच्या खोलीच्या फळ्या तर नुसत्या बोलायच्या. दोन वाजले. अंगणात कोंबड्यांची कटकट चालली होती ती एकदम थांबली, कुणी तोंडावर बोट ठेवावं तशी. वरून काही आवाज नाही. पाऊल नाही, दार नाही, खाटेची करकर नाही. ती सोललेल्या शेंगांची टरफलं पुन्हा पुन्हा मोजत बसली. चार वाजले आणि कोंबड्या बोलू लागल्या. ती उठली, कुलूप काढलं, पलंगाशी गेली आणि खळग्यावर तळवा ठेवला.

चादर गरम होती.

ही ऊब तिच्या हाताला चांगली माहीत होती. पाहुणा नुकताच उठून गेला असला की पलंग असा लागतो. पाच मिनिटं, फार तर सात. तिने हात काढून पदराला पुसला, आणि मग आपण हात का पुसला याचीच तिला भीती वाटली.

संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून तिने मुलीला सांगितलं. मुलगी पलीकडून हसत म्हणाली, "आई, भाडं देतंय का ते? नसेल देत तर सांग काढून." पण मग हसू आवरून म्हणाली, "तुला सवय नाही गं रिकामी राहायची. चौदा खोल्यांवरून एकदम चारवर आलीस. ये परत वाटलं तर."

फोन ठेवून ती आत आली. नवरा नखं घासत होता. ती म्हणाली, "एक ऐका. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या खोल्यांत वावरले. या घरात राहणार असेन तर सगळं घर माझं. एक खोली दुसऱ्याची आणि मी तिची मोलकरीण, हे मला इथेही करायचं असेल तर तिथे काय वाईट होतं? शनिवारपर्यंत हे थांबलं तर ठीक. नाहीतर मालकाला कळवा, आम्ही परत येतोय."

नवऱ्याच्या हातातला ब्रश थांबला. त्याने वाद घातला नाही. "कांदे फेब्रुवारीपर्यंत येतील म्हणे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या सकाळी तिने दूधवालीला चहा दिला आणि विषय काढला. आधीच्या बाई कधी इकडे येतात का? त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे का?

"म्हातारी?" दूधवालीने कप खाली ठेवला. "ती कुठली येतेय! तुम्ही सह्या केल्यात ना, त्याच आठवड्यात अंथरूण धरलं तिने. कुणाला ओळखत नाही. मी दर शुक्रवारी दूध घालते तिथे, म्हणून कळतं."

"दुपारी झोपायच्या का त्या? इथे असताना?"

"गाव पेटलं असतं तरी दोन ते चार उठली नसती! मी दोनदा दुपारी दार वाजवलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. का हो?"

"काही नाही," इस्त्रीबाई म्हणाली. "उद्या शुक्रवार. तुमच्या गाडीतून मला नेता का?"

दूधवालीने गाडी वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या दाराशी लावली, त्यामुळे इस्त्रीबाई तिथूनच आत गेली. लांब बोळ, दोन्हीकडे दारं, भिंतीला लाकडी कठडे, फिनेलचा वास, आणि बोळाच्या मध्यावर चादरींची गाडी. ती गाडी पाहून तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. गाडीशी एक जाडजूड सेविका उशीला अभ्रा घालत होती. इस्त्रीबाईने न सांगता दुसरी उशी उचलली, अभ्रा उलटा करून आत हात घातला, दोन कान पकडले आणि एका झटक्यात चढवला.

सेविका बघत राहिली. "कुठल्या हॉटेलात?"

"चौथा मजला. सत्तावीस वर्षं."

"कंबर?"

"गेली. तुमची?"

"जातेय." दोघी हसल्या. मग इस्त्रीबाईने म्हातारीचं नाव न घेता गावाच्या टोकावरच्या घराचा उल्लेख केला, आणि सेविकेच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. तिने बोळात पुढेमागे पाहिलं.

"तुम्ही याच कामातल्या, म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला सुट्टीवर पाठवतील. या."

खोली शेवटची. म्हातारी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं. सेविकेने सराईतपणे एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घालून तिला अलगद पलीकडे सरकवलं. "बघा."

इस्त्रीबाईने पाहिलं. ज्या जागेवरून म्हातारीला सरकवलं, तिथे चादर सपाट होती. सुरकुती नाही, दाब नाही. उशीत खड्डा नाही. आताच गाडीवरून काढून अंथरावी तशी चादर.

"मला वाटलं वजन घटलं असेल," सेविका कुजबुजली. "वजन केलं. आहे तेवढंच आहे. सकाळी ठीक असतं, रात्री ठीक असतं. फक्त ही वेळ. हात लावून बघा. गार."

चादर गार होती, रिकाम्या खोलीतल्या चादरीसारखी.

इस्त्रीबाईने हात मागे घेतला. तिने पलंगाचा कठडा धरला. आणि तेवढ्यात म्हातारी बोलली. डोळे मिटलेलेच, आवाज झोपेतला, थोडा वैतागलेला.

"किती घट्ट खोचतेस गं. पाय हलवता येत नाहीत."

सेविकेने म्हातारीच्या पायांवरचं पांघरूण उचलून दाखवलं. टाचेला पट्टी होती. "अहो, हिच्या पायाला जखम आहे. मी तर पांघरूण खोचतच नाही. नुसतं वर टाकते."

"माहीत आहे," इस्त्रीबाई म्हणाली. "त्या मला बोलल्या."

तिने वाकून म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं. काय म्हणावं हे तिला कळेना. शेवटी तोंडातून निघालं ते सत्तावीस वर्षांच्या सवयीचं: "चूक झाली, बाई. आत्ता बदलून देते."

परतताना दूधवाली काय काय बोलत होती ते तिच्या कानांवर पडलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. तिच्या कामात चादर फाटली तर चालायचं, पेला फुटला तर चालायचं. पण पाहुण्याने खोली सोडलेली नसताना ती आवरून टाकणं, त्याचं सामान पिशवीत भरणं, याला माफी नव्हती. याच चुकीपायी तिने स्वतः एका मुलीला घरी पाठवलं होतं. म्हातारीने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, माझं अजून व्हायचंय; आणि यांनी हो म्हटलं होतं. किल्ली हातात आली म्हणजे माणूस निघून गेलं, असं तिने कशावरून धरलं होतं?

घरी येताच ती तडक वर गेली. पिशव्या काढल्या. सपाता पलंगाखाली ठेवल्या, पेला पाण्याने भरून तिपाईवर ठेवला, गादी पुन्हा सुलटी केली. जुना खळगा वर आला. पायथ्याचं सगळं खोचलेलं उपसून विटकं पांघरूण नुसतं पसरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक पलंग मुद्दाम ढिला घातला, आणि हात तिच्याविरुद्ध जात होते तरी घातला. नवरा दारात उभा राहून पाहत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी गार चादरीपर्यंत. मग त्याने टोपी काढली. का काढली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शनिवारी दुपारी दोनला कोंबड्या गप्प झाल्या. तेव्हा तो फाटकापाशी फोन हातात धरून उभा होता, आणि ती ओल्या हातांनी त्याच्यामागे आली होती. घरात थांबायचं त्या दोघांनाही नको वाटलं होतं.

"काय सांगू मालकाला?"

तिने वर पाहिलं. मागची खिडकी इथून दिसत नव्हती. तरी आपलं तिकडे तोंड करूनच ती म्हणाली, "सांगा, चाव्या टपालाने पाठवतो."

"नक्की? तू म्हणाली होतीस, सगळं घर तुझं, नाहीतर नाही."

"म्हणाले होते. तीन खोल्या आहेत माझ्या. बैठकीत आज चार खिळे ठोकलेत, बघितलेत का?"

"आणि वरची?"

"ती भरलेली आहे," ती म्हणाली. "दोन ते चार. तेवढ्यात तुम्ही पंप चालवू नका, खडखडतो."

त्याने फोन लावला. मालक पलीकडून काहीतरी खूप वेळ बोलत राहिला. चार वाजता ती वर गेली. खळगा होता, ऊबही होती. पण या वेळी पायांकडचं पांघरूण विस्कटलेलं होतं, एका बाजूला लाथाडून दिल्यासारखं; पाय ताणून कुणीतरी ऐसपैस झोपलं होतं. ती भ्यायली नाही असं नव्हे. मानेवरचे केस उभेच राहिले. पण तिने पलंगाला हात लावला नाही. पेला तेवढा पुन्हा भरला, कारण तो अर्धा झाला होता.

पुढच्या आठवड्यात ती वृद्धाश्रमात गेली ती पुढच्या दाराने, बरोबर डझनभर अंडी घेऊन. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने नोंदवही पुढे ओढली. कुणाला भेटायचं, तिने सांगितलं. त्याने पानं चाळून पाहिली. त्या म्हातारीच्या नावापुढे भेटायला आलेलं एकही माणूस नव्हतं.

"तुमचं नातं?"

"एकाच घरात राहतो."

त्याने तसं लिहून घेतलं. "जा. भेटीची वेळ पाचपर्यंत आहे."

तिने त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"बसते मी इथे जरा," ती म्हणाली. "चारला येतील त्या."

कारकून तिच्याकडे पाहत राहिला. ती बोळातल्या बाकावर बसली, अंड्यांची पिशवी मांडीवर घेतली, आणि ती फुटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.